तोंडी लावण्यापुरती माणसं

आईबाबांनो, आज रात्री जेवताना 'तारक मेहता का उल्टा चष्मा' लागली की घरातल्या पोराला सहज विचारून बघा, जेठालालच्या घरी कोण कोण असतं? तोंडातला घास न संपवताच उत्तर येईल: दया, टप्पू, चंपकचाचा आणि अधूनमधून टपकणारा सुंदर. भिडे मास्तरांच्या घरी? माधवी, सोनू आणि ती 'सखाराम' नावाची स्कूटर. आता विचारा, अब्दुलच्या घरी कोण असतं?

इथे बहुतेक पोरं गप्प होतात. ही मालिका जुलै 2008 पासून चालू आहे. म्हणजे जी मुलं पहिले भाग बघत मोठी झाली, ती आता नोकरीला लागली. एवढ्या वर्षांत अब्दुलने सोडा दिला, दुकान सांभाळलं, गोकुळधाम सोसायटीवर संकट आलं की धाव घेतली, प्रत्येक सणाला सगळ्यांबरोबर फेर धरला. भला माणूस. पण त्याला कुणाचा राग येतो का, त्याची काही अडचण असते का, रात्री दुकान बंद करून तो जातो त्या घरात त्याची वाट कोण बघतं, अशी त्याची गोष्ट क्वचितच होते. तो गोष्टीत असतो, पण गोष्ट त्याची नसते.

मालिका बंद करा, असं सांगायला मी बसलेली नाही. आमच्याही घरी ती लागते आणि आम्हीही हसतो. मला बोलायचंय ते अशा पात्रांबद्दल, कारण मुलं त्यांच्याकडून काहीतरी शिकत असतात आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

सिनेमा-मालिकांच्या धंद्यात अशा पात्राला 'टोकन' म्हणतात. आपण तोंडी लावण्यापुरता माणूस म्हणू. पानात डाव्या बाजूला लोणचं हवं, नसलं तर पान ओकंबोकं दिसतं. पण लोणच्याने पोट भरावं अशी कुणाची अपेक्षा नसते. तसा एक मुसलमान मित्र, एक गोवेकर ख्रिश्चन, एक सरदारजी, एखादी ईशान्येकडची मैत्रीण, चाकाच्या खुर्चीतलं एखादं मूल. सगळे आले, पान भरलं. जेवण मात्र नायकाचं.

मोठ्या माणसाला यात फारसं काही वाटत नाही. त्याचा एखादा शेजारी, ऑफिसातला एखादा सहकारी वेगळ्या समाजातला असतो, त्यामुळे पडद्यावरचं खरं किती आणि खोटं किती याचा त्याला अंदाज असतो. आपल्या मुलांचं तसं नाही. आपल्या सोसायट्यांच्या नावांच्या पाट्या एकदा वाचून बघा. कित्येक मुलं दहावीपर्यंत आपल्यासारख्याच घरांत वावरतात. इतरांची पहिली ओळख त्यांना पडदा करून देतो, आणि पहिली ओळख लवकर पुसली जात नाही.

आता थोडं मागे जाऊ. 'शोले' 1975 चा, पण सुटीत आजोबा नातवंडांना तो अजून दाखवतातच. रामगढचे आंधळे इमामसाहेब, म्हणजे ए. के. हंगल, आणि त्यांचा मुलगा अहमद, म्हणजे आपला सचिन पिळगावकर. बापाची इच्छा अशी की पोराने जबलपूरला जाऊन बिडीच्या कारखान्यात नोकरीला लागावं. गब्बर त्या पोराला मारतो. गाव घाबरतं, जय-वीरूला परत पाठवा म्हणू लागतं, आणि ज्याचा मुलगा गेला तो बापच गावाला धीर देतो, देवाने आणखी मुलं दिली असती तर तीही गावासाठी दिली असती म्हणतो आणि नमाजाला जातो. थिएटरात भल्याभल्यांचे डोळे भरायचे. पण एक गोष्ट बघा. मुलं ठाकूरचीही मेली. त्याच्या दुःखाला सबंध सिनेमा मिळाला, सूड मिळाला, शेवट मिळाला. इमामसाहेबांच्या दुःखाला एक प्रसंग मिळाला, तोसुद्धा गावाने माघार घेऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी त्या आंधळ्या म्हाताऱ्याला भाकरी कुणी दिली, हे आपण विचारत नाही. विचारावंसं वाटू नये अशीच ती गोष्ट बांधलेली आहे.

त्याआधी 1959 चा 'अनाडी'. ललिता पवारांनी केलेली मिसेस डिसा आठवते? बोलायला फटकळ, मनाने लोणी. राज कपूरला पोटच्या पोरासारखं सांभाळणारी घरमालकीण. ललिताबाईंना त्या भूमिकेसाठी फिल्मफेअर मिळालं आणि ते रास्तच होतं. पण शेवटी विषारी औषधाने मरते तीच, आणि नायकावरचं किटाळ उभं राहतं ते तिच्या मरणातून. म्हणजे जीव लावायचा आणि वेळ आली की नायकासाठी जीव द्यायचा, हे चांगल्या परक्याचं काम ठरून गेलं.

हे झालं चांगल्यांचं. बाकीच्या ख्रिश्चनांच्या हातात बाटली. 'बॉबी'तला प्रेमनाथचा जॅक ब्रॅगांझा आठवा. त्याच्यामागून वर्षानुवर्षं तसेच फुलाफुलांच्या शर्टातले, झिंगलेले, प्रत्येक वाक्याला 'मॅन' म्हणणारे गोवेकर येत राहिले. गंमत अशी की ज्या काळात पडद्यावरचा गोवेकर झिंगून पडलेला होता, त्याच काळात पडद्यामागे हिंदी सिनेसंगीताचा वाद्यवृंद गोवेकरांच्या हातात होता. शंकर-जयकिशनसाठी वर्षानुवर्षं वाद्यवृंदाची स्वरलिपी लिहिणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांचे शिष्य. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या अमिताभच्या पात्राला या गुरूचंच नाव आहे. नाव पडद्यावर आलं, माणूस आला नाही.

दलितांच्या वाट्याला यायचं तेव्हा तेवढंही यायचं नाही. 'लगान' 2001 चा, आपल्या आशुतोष गोवारीकरांचा, आणि आपल्या सगळ्यांच्या आवडीचा. गावच्या अकरा जणांच्या क्रिकेट संघात शीख आहे, मुसलमान आहे, मुका आहे आणि कचरा नावाचा दलित आहे. त्याला संघात घ्यायला गाव तयार नसतं, तेव्हा नायक भुवन गावाला खडसावतो. प्रसंग जोरदार आहे. पण तो सगळा वेळ कचरा जवळजवळ मुका उभा असतो. बोलतो भुवन, टाळ्या भुवनला. कचऱ्याची फिरकीसुद्धा त्याच्या अधू हाताची देणगी. त्याने घासून कमावलेली विद्या म्हणून ती येत नाही. हे बारीक वाटेल, पण पुढे काय झालं ते ऐका. 2023 च्या पर्यावरण दिनाला झोमॅटोने एक जाहिरात केली. कचऱ्यापासून काय काय वस्तू बनतात हे दाखवण्यासाठी त्याच अभिनेत्याला, आदित्य लाखियाला, वस्तूंच्या जागी बसवलं. लोक संतापले, जाहिरात मागे घ्यावी लागली. बावीस वर्षांत त्या पात्राला दुसरं नाव, घर, इतिहास काहीच मिळालेलं नव्हतं, म्हणून त्याची वस्तू करणं कुणाला तरी सहज सुचलं.

तुम्ही म्हणाल, आपण मराठी माणसं, आपला यात काय संबंध? मग 1994 चा 'हम आपके हैं कौन' आठवा. तेव्हा लक्ष्मीकांत बेर्डे म्हणजे 'अशी ही बनवाबनवी'नंतर महाराष्ट्राच्या घराघरांतलं नाव. हिंदीत त्याला काय मिळालं? लल्लू नावाचा नोकर. आणि प्रिया अरुणला दुसऱ्या घरची मोलकरीण. हिंदी सिनेमातला हवालदार मराठी, धुणंभांडी करणारी बाई मराठी, बिल्डरच्या मागे उभा राहणारा गुंडही मराठी. मुंबईतल्या सिनेमात मुंबईच्या भाषेला मिळालेली जागा स्वयंपाकघराच्या दाराशी. हे बघताना आपल्याला जे खुपतं, तेच मिरजेच्या मुसलमान घरात, वसईच्या ख्रिश्चन घरात, नागपूरच्या बौद्ध घरात रोज खुपत असणार.

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात मुलं वाढवणाऱ्या आपल्या लोकांना तर हे नव्याने सांगायला नको. 'द सिम्प्सन्स'मधला दुकानदार अपू 1990 पासून तिथल्या घराघरांत आहे. त्याचा आवाज काढायचा हँक अझारिया हा गोरा नट, आणि त्या आवाजाची नक्कल करून शाळांत भारतीय पोरांना चिडवायचं हा ठरलेला कार्यक्रम. हरी कोंडाबोलू या विनोदी कलाकाराने 2017 मध्ये त्यावर माहितीपट काढला, पुढे 2020 मध्ये अझारियाने तो आवाज देणं सोडलं. तसाच 'फिनिअस अँड फर्ब' या कार्टूनमधला अभ्यासू, भित्रा बलजीत, तसाच 'जेसी' मालिकेतला रवी. रवीचं काम करणारा करण ब्रार जन्मला अमेरिकेतच, पण पडद्यावर भारतीय हेल काढून बोलला. 'फिनिअस अँड फर्ब' हिंदीत डब होऊन आपल्याकडे आलं आणि इकडे आपली मुलं त्याच बलजीतला हसली.

त्यातच आणखी एक भानगड आहे, पात्र कोणाचं आणि नट कोण. 2014 मध्ये मणिपूरच्या मेरी कोमवर सिनेमा निघाला. मेरी झाली प्रियांका चोप्रा. मणिपूरची लिन लैश्राम त्यात होती, पण दुय्यम भूमिकेत. निर्मात्यांची अडचण समजते, तिकिटं तारकेच्या नावावर विकली जातात. पण मणिपुरी चेहरा मणिपुरी मुलीच्या गोष्टीतही चालणार नसेल, तर तो चालणार कुठे? आपल्या मराठी मालिकांचंही तेच. 2019 मध्ये 'रंग माझा वेगळा' आली. सावळ्या मुलीच्या अपमानाची गोष्ट. बायका हिरिरीने बघायच्या. त्यातली दीपा झाली रेश्मा शिंदे, मेकअपने सावळी केलेली. काम तिने चांगलं केलं, पण त्या वेळी सोफ्यावर बसलेल्या खऱ्याखुऱ्या सावळ्या मुलीला काय कळलं असेल? की सावळेपणाची गोष्ट चालेल, सावळी मुलगी नको.

मग अशी पात्रं मुळीच नकोत का? हे मात्र इतकं सोपं नाही.

4 एप्रिल 1968 ला अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. लॉस एंजेलिसमध्ये राहणाऱ्या हॅरिएट ग्लिकमन या तीन मुलांच्या आईने 15 एप्रिलला 'पीनट्स' या चित्रमालिकेचे जनक चार्ल्स शुल्झ यांना पत्र लिहिलं. म्हणणं एवढंच, की चार्ली ब्राउनच्या टोळीत एखादं कृष्णवर्णीय मूल असायला काय हरकत आहे? शुल्झ यांनी कळवलं की इच्छा आहे, पण आपण मोठेपणा मिरवतोय, उपकार करतोय असं त्या लोकांना वाटेल याची धास्ती आहे. बाईंनी पत्र आपल्या कृष्णवर्णीय मित्रांना दाखवलं. त्यांतल्या एका बापाने जे लिहिलं ते आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. तुमच्यावर तसा आरोप झालाच तर तो सोसा, असं त्याने शुल्झना कळवलं. आधी नुसता घोळक्यातला एक म्हणून आला तरी चालेल, पण माझ्या मुलांना त्या चित्रात स्वतःसारखं कुणीतरी दिसू दे.

31 जुलै 1968 ला 'पीनट्स'मध्ये फ्रँकलिन हा कृष्णवर्णीय मुलगा आला. समुद्रकिनाऱ्यावर चार्ली ब्राउनचा हरवलेला चेंडू घेऊन. दोघं वाळूचा किल्ला बांधतात आणि बोलता बोलता फ्रँकलिन सांगतो की त्याचे वडील व्हिएतनामला गेलेत. बस, एवढंच. पण त्या एका वाक्याने त्या पोराला घर मिळालं, वाट बघायला एक बाप मिळाला. पुढे तो बाकीच्या मुलांच्या वर्गात बसलेला दिसला तेव्हा दक्षिणेकडच्या एका संपादकाने कुरकुर केली. शुल्झ यांनी दुर्लक्ष केलं. तरीही 1973 च्या टीव्ही कार्यक्रमात सगळी मुलं मेजवानीला बसली तेव्हा फ्रँकलिन टेबलाच्या एका बाजूला एकटाच बसलेला निघाला, आणि त्यावर अनेक वर्षं चर्चा झाली. 2024 मध्ये त्याच्यावर स्वतंत्र कार्यक्रम आला, त्यात मित्र त्याला आपल्या बाजूला बोलावून घेतात. एका बाजूच्या खुर्चीवरून दुसऱ्या बाजूला यायला पन्नासएक वर्षं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे: तोंडी लावण्यापुरतं पात्र ही सुरुवात म्हणून चालेल, कायमची जागा म्हणून नाही. आणि फरक कळायला फार अक्कल लागत नाही. त्याला पूर्ण नाव आहे का? घर आहे का? चुकायची मुभा आहे का? यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. तोंडी लावण्यापुरता माणूस एक तर देवमाणूस असतो, नाहीतर खलनायक. चिडचिडा, आळशी, प्रेमात पडून माती खाणारा आणि तरीही आपला वाटणारा, असं असायचं भाग्य फक्त नायकाचं.

ते भाग्य वाटलं गेलं की गोष्ट कशी खुलते, याची उदाहरणं आपल्याच भाषेत आहेत. 'सैराट'मधले नायक परश्याचे दोस्त घ्या. सल्या मुसलमान आहे, पण त्यावरून कुणी प्रवचन देत नाही. लंगड्याच्या पायात दोष आहे, आणि तो करणाऱ्या तानाजी गळगुंडेच्या पायातही. दोघं टवाळक्या करतात, मित्रासाठी मार खातात, गावातल्या कुठल्याही कट्ट्यावर बसलेले असावेत असे दिसतात. 'फँड्री'तला जब्या तर स्वतःच्याच गोष्टीचा मालक, आणि त्याला राग येतो, चांगलाच येतो. 2014 च्या 'यलो'त डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटूची भूमिका गौरी गाडगीळने स्वतः केली, गोष्टही तिचीच. वयात आलेल्या मुलांच्या आईबाबांना 'नेव्हर हॅव आय एव्हर' या इंग्रजी मालिकेतली भारतीय वंशाची देवीही माहीत असेल. ती खोटं बोलते, मैत्रिणींना दुखावते, वडिलांच्या आठवणीने कोसळते. बलजीतला यातलं काही परवडलं असतं का?

आता घरात काय करायचं?

पहिलं म्हणजे सिनेमा मधेच थांबवून बौद्धिक घेऊ नका. पोरं पुढच्या वेळी तुमच्या शेजारी बसणार नाहीत. सिनेमा संपू द्या, आइस्क्रीम खाताना विचारा. लहान मुलांशी खेळ खेळा: हीच गोष्ट आता इमामसाहेबांनी सांगितली तर कशी सांगतील? कचरा मॅच जिंकून घरी गेला, दार कुणी उघडलं? मुलं आपल्यापेक्षा बरी पटकथा रचतात.

दुसरं, शाळेचं स्नेहसंमेलन. 'विविधतेत एकता'चा नाच आला की एकाला टोपी, एकाला पगडी, एकाच्या गळ्यात क्रॉस, एकीला नऊवारी. वर्गात एकच मुसलमान मुलगा असेल तर दरवर्षी टोपी त्याच्याच डोक्यावर. कधीतरी बाईंना भेटून सुचवा की यंदा त्याला शिवाजी महाराजांच्या मावळ्याचं काम द्या, किंवा नुसतं झाडाचं. झाड व्हायचा हक्क सगळ्या मुलांना आहे.

तिसरं त्या आईबाबांसाठी, ज्यांचं मूल वर्गात एकटंच आहे. 'तुमच्यात असं असतं का गं?' हा प्रश्न त्याला आयुष्यभर ऐकावा लागणार. त्याला आत्ताच सांगून ठेवा की सगळ्या समाजाची उत्तरं देणं ही त्याची जबाबदारी नाही. 'मला माहीत नाही, आमच्या घरी असं करतात' एवढं म्हणून खेळायला जायची त्याला पूर्ण परवानगी आहे.

चौथं आपल्या जिभेसाठी. 'त्यांच्यातला असून किती छान मराठी बोलतो!' हे आपण कौतुकाने बोलतो आणि मूल ते टिपून घेतं. त्यापेक्षा मुलाला सांगा की संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर थाप मारून मैदानं पेटवणारे शाहीर अमर शेख बार्शीचे मुसलमान होते. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बसलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचे धर्मगुरू होते. ही माणसं मराठीत पाहुणी म्हणून आलेली नव्हती.

आणि पाचवं, एकमेकांच्या घरी जा. ईदच्या शिरखुर्म्याला आणि नाताळच्या केकला आपण जातो, ते चांगलंच आहे. पण सणाच्या दिवशी कुठलंही घर नटलेलंच असतं. एखाद्या साध्या मंगळवारी पोराला अभ्यासाला त्याच्या मित्राकडे पाठवा. तिथे त्या मित्राची आई गृहपाठावरून ओरडताना ऐकली, बाबा लुंगीवर पेपर वाचताना दिसले, की पडद्यावरच्या शंभर पात्रांनी न केलेलं काम होऊन जातं.

एक धोक्याची सूचनाही देऊन ठेवते. मूल एकदा असं बघायला शिकलं की ते फक्त टीव्हीकडे बघून थांबणार नाही. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं आडनाव काय, त्यांची मुलगी कितवीत आहे, वॉचमनकाका मूळचे कुठले, हे ते तुम्हाला विचारेल. उत्तरं माहीत करून घ्या. घरातल्या मोठ्यांना ती माहीत नसतील तर बाकीचं सगळं हितगुज वाया गेलं.

हे सारं रोज करायचं नाही. रोज केलंत तर मुलं कंटाळतील आणि तुम्हीही. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा सिनेमा असा बोलत बोलत बघितला तरी पुष्कळ. मग एक दिवस मध्यंतराच्या आधीच पोरगं शेजारून म्हणेल, 'आई, हा हिरोचा मित्र चांगला आहे ना, म्हणजे हा आता मरणार बघ.' त्याला हसून गप्प करू नका. विचारा, 'तू लिहिला असतास तर काय केलं असतंस याचं?' त्याचं उत्तर लांबलं आणि सिनेमाचा शेवट हुकला तरी हुकू द्या. तो शेवट आपल्याला माहीतच असतो.